कशेळीच्या बेटावरची सापसुरळी

मी सापसुरळी बोलतेय. दचकू नका आणि काठीही शोधू नका. माझ्या तोंडात विष नाही, आणि दात एवढे बारीक की नाकतोडा धरला तर तोच मला हलवतो. तरी तुम्ही मला सापाची मावशी म्हणता. बारसं तुम्ही केलंत, मला कुणी विचारलं नव्हतं. ज्याची मी मावशी, त्याने माझी दोन भावंडं गिळली, एवढी साधी गोष्ट हे नातं जोडताना कुणाच्या ध्यानात आली नाही.

रूपाचंही सांगून टाकते, कारण तुम्ही मला नीट पाहिलेलं नसतं, ओरडून पळालेले असता. अंग तेल लावल्यासारखं चकचकीत, पाठ तांबूस, पाय आखूड. पालीला पापणी नसते, मला आहे, त्यामुळे मी तुमच्यासारखे डोळे मिटू शकते. शेपूट तुटली तर नवी येते, पण तिला जुनीची सर नाही, जरा आखूड आणि मळकट. कातडी खवल्यांची, घट्ट. तिच्यातून पाणी सहज आत येत नाही की बाहेर जात नाही. ही कातडी नसती तर मी खाडीच्या खाऱ्या पाण्यातच मेले असते, आणि पुढचं काहीच झालं नसतं.

माझा जन्म भिवंडीजवळच्या वडप्याचा, दोन हजार तीन सालचा. हायवेपासून थोडं आत केसरीनाथचं भाताचं शेत होतं, त्याच्या बांधातल्या भुसभुशीत मातीत आईने दहा अंडी घातली आणि ती निघून गेली. यात तिचं काही चुकलं नाही. आमच्यात आई अंडी झाकते नि आपल्या वाटेने जाते. अंड्यातून बाहेर आलं की पहिल्या दिवसापासून आपलं पोट आपण भरायचं आणि सावली हलली की पळायचं. साप, मुंगूस, भारद्वाज, मांजर, सगळ्यांना आम्ही आवडतो. प्रेम करणारे खूप, म्हणून जगणारे थोडे.

दुसऱ्याच वर्षी त्या शेतात मुरूम पडला. बांध गेला आणि त्यावर निळ्या पत्र्यांचं गोदाम उभं राहिलं. आम्ही जे वाचलो ते गोदामामागे रचलेल्या लाकडी पॅलेटांत राहायला गेलो. माणसं त्यांवर खोकी ठेवतात, आम्ही त्यांच्या फटीत झुरळं पकडायचो. जागा वाईट नव्हती.

मग दोन हजार पाचच्या जुलैमधला तो पाऊस आला. तुम्हाला तो आठवत असेलच, माणसं त्याची तारीख सांगतात. माझ्या पोटात तेव्हा अंडी होती. पाणी आलं तसं मी वर चढत गेले, सगळ्यात वरच्या पॅलेटवर पोचले, आणि तेच पॅलेट तरंगू लागलं. ओढ्यातून नदीत, नदीतून खाडीत. बरोबर एक विंचू होता आणि मुंग्यांचं एक बिऱ्हाड. कुणी कुणाशी बोललं नाही. भरती पॅलेटला एकीकडे ढकलायची, ओहोटी दुसरीकडे ओढायची. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा अंगावर मिठाचा पांढरा थर होता आणि पॅलेट तिवरांच्या मुळांत अडकलेलं होतं. विंचू कधी गेला ते मला कळलं नाही.

अशीच पसरते आमची जात. दूरदूरच्या गरम समुद्रांतल्या बेटांवर आमची चुलत भावंडं आहेत. ती काही पोहत गेलेली नाहीत. ओंडका, वेलींचं जाळं, होडीतला माल, जे मिळेल त्यावर बसून गेली. हजार जातात, एखादी पोचते. पोचलेलीच्या पोटात अंडी असली तर तिथे आमचं गाव वसतं.

मी पोचले ते कशेळीजवळच्या खाडीतल्या एका लहान बेटावर. एका टोकाहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढंच ते. भोवती तिवरं, आत खारं पाणी अडवणारा मातीचा बांध, बांधात पाणी सोडायची उघाडी, आणि मधे भाताची चार खाचरं. उंचवट्यावर एक झोपडी. साप नाही, मुंगूस नाही, मांजरसुद्धा नाही. मी बांधात नऊ अंडी घातली आणि ऊन खात पडले. जन्मात पहिल्यांदा मी पोट भरल्यावर लगेच लपले नाही.

बारा-तेरा दिवसांनी झोपडीतल्या गुणाबाईने मला पाहिलं. तिच्या हातात खोरं होतं.

"अवं, धावा! सापाची मावशी! हिथं आली!"

झोपडीतून तिचा नवरा आला. बघते तर केसरीनाथ. ज्याच्या बांधात मी जन्मले तोच. जमीन गोदामाला देऊन हा म्हातारा बायकोला घेऊन वाडवडिलांच्या या बेटावर राहायला आला होता. जगात दुसरी माणसं नव्हती का, असं मला वाटलं.

गुणाबाईने खोरं उचललं आणि केसरीनाथने ते वरच्यावर धरलं.

"टाक खाली. आज नागपंचम हाय. आज मातीला न् जनावराला लोखंड लावायचा न्हाय."

"माझ्या तुळजाला चावला तवा त्यानं पंचम बघितली व्हती?"

केसरीनाथने खोरं सोडलं नाही. तेवढ्यात मी उघाडीच्या दगडांत शिरले. एका सणाने मला वाचवलं.

तुळजा त्यांची मुलगी. वडप्याला गुरांसाठी पेंढा काढायला तिने रचलेल्या उडवीत हात घातला आणि आत घोणस होती. एकोणीस वर्षांची होती. हे मला गुणाबाईच्याच बोलण्यातून कळलं, कारण ती कामं करताना तुळजाशी बोलायची. तुळजा गेली त्या दिवसापासून गुणाबाईने नागपंचमीला पाटावर नाग काढणं बंद केलं आणि वडप्यात राहायचं नाही म्हणाली. मुलगा देवेश गोदामात सुपरवायझर, त्याचं पक्कं घर, पंखे, टीव्ही, सगळं सोडून ती या बेटावर आली. का, तर खाऱ्या पाण्याने वेढलेल्या जागी साप येत नाही म्हणून. इथे तिला झोप लागू लागली होती.

आणि तिथे मी आले. मी तिचं काय वाकडं केलं होतं? काही नाही. पण मावशी आली म्हणजे भाचे मागोमाग येणारच, असं तिच्या मनाने घेतलं, आणि एकदा मनाने घेतलं की डोळेही मनाचंच ऐकतात.

दसऱ्याआधी माझी नऊपैकी सात पोरं निघाली. पुढच्या वर्षी त्यांची लग्नं झाली. कुणाशी, म्हणून विचारू नका. बेटावर स्थळं बाहेरून येत नाहीत. लग्नाचे दिवस आले तशा लेकांच्या अंगाच्या दोन्ही कुशी लाल-नारिंगी झाल्या आणि त्यांनी समोर दिसतील त्यांच्याशी संसार थाटले. नाक मुरडायचं तर मुरडा, पण एकटीच्या पोटातून गाव वसतं ते असंच. खाणं बेताचं, म्हणून अंडीही कमी, चार नाहीतर पाच. पण मारायला कुणी नव्हतं, म्हणून जेवढी निघत तेवढी जगत. भातातले नाकतोडे, तिवरांखालचे बारीक खेकडे, गुणाबाईच्या उंबऱ्याशी सांडलेलं शीत, आम्हाला काही वर्ज्य नव्हतं. दोन हजार सात संपेपर्यंत आम्ही शंभरावर होतो. सकाळी बांधावर ओळीने ऊन खात पडायचो.

माझी चूक इथे झाली. पोरांना मी पळायला शिकवलं नाही. वडप्याला ते कुणी शिकवत नाही, भारद्वाजच शिकवतो. इथे शिकवणारं कुणी नव्हतं. माझ्या नातवंडांवर सावली पडली तर ती मान वर करून बघायची, काय आहे म्हणून. कोंबडीच्या पायांतून फिरायची. मला त्याचं कौतुक वाटायचं. निर्धास्त पोरं बघून कोणत्या आजीला बरं वाटत नाही? त्या कौतुकाची आठवण झाली की आता मला माझाच राग येतो.

इकडे गुणाबाईची झोप उडाली होती. ती रोज गोधड्या झटकायची, चुलीत लाकूड घालण्याआधी तीनदा आपटायची, अंधार पडायच्या आत दार लावून घ्यायची. "मावश्या येवढ्या, तं भाचे किती असतील वो?" हा तिचा एकच प्रश्न. केसरीनाथ आधी हसायचा. पुढे हसेनासा झाला. बायको डोळ्यांसमोर वाळत चाललेली त्याला बघवेना. "वडप्याला जाऊ या," म्हणाला तर ती म्हणायची, "तिथं माझी पोर गेली." अशी तिची दोन्हीकडून कोंडी.

त्याच हिवाळ्यात देवेशचा निरोप आला. गोदामात उंदरांसाठी लावलेल्या मोठ्या पिंजऱ्यात मुंगसाची जोडी अडकली होती. मुंगूस दिसणं शुभ, म्हणून हमाल त्यांना मारायला तयार नव्हते. केसरीनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आणून सोडतो बेटावर. सापाचा काळच तो. एक ठेवायचा न्हाय." दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तो होडी घेऊन गेला.

त्याच सकाळी दाऊदभाईची होडी आली. दाऊदभाई भिवंडीचे, दर आठवड्याला गुणाबाईकडून गावठी अंडी न्यायचे. त्या दिवशी त्यांच्याबरोबर मुलगी होती, अफीफा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. मी उंबऱ्याच्या दगडावर पडलेली. तिने सहज वाकून मला उचललं. मीही इतकी सुस्तावले होते की पळाले नाही.

गुणाबाई किंचाळली. "टाक, टाक! अगो, मरशील!"

"काही नाही होत, काकी. ही विषारी नसतेच. बघा, माझं बोट तिच्या तोंडाशी आहे. चावली तरी चिमटासुद्धा लागणार नाही."

"तुझ्या अब्बाला विचार."

"मला काय विचारता वैनी," दाऊदभाई अंडी टोपलीत रचत म्हणाले. "मी पण डरतो. पण पोरगी किताबं वाचते, झूट नाही बोलणार."

अफीफा पायरीवर बसली, मला तळहातावर घेऊन. "साप हिला खातो, काकी. ही त्याची कुणी लागत नाही. आणि ह्या बेटावर साप असते तर ह्या एवढ्या दिसल्याच नसत्या. ह्या दिसतात म्हणजे साप नाही. तुम्ही उलटं धरून बसलात."

गुणाबाई तिच्याकडे बघत राहिली. अडीच वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला, आणि एका बोटाने माझ्या पाठीला शिवली. ते बोट राखेने खरखरीत झालेलं होतं.

"मऊ हाय गो," ती म्हणाली. "माझ्या तुळजाचं केस तेल लावल्यावर असं लागायचं."

अफीफाला तुळजा कोण हे माहीत नव्हतं. ती आपल्याच नादात बोलत होती. लांबच्या बेटांवर आमची चुलत भावंडं कशी पोचली ते तिने सांगितलं. "आणि माहितीये काकी, तिथे माणसांनी उसाच्या मळ्यात उंदीर मारायला मुंगूस नेऊन सोडले. उंदीर राहिले तसेच. ह्या मात्र कित्येक बेटांवरून साफ संपल्या. बेटावरच्या जनावराला पळून जायला जागाच नसते ना."

गुणाबाईने बोट मागे घेतलं. तिचा चेहरा मी जवळून पाहिला. तिला सगळं कळलं होतं. पण नवरा काय आणायला गेलाय हे तिने अफीफाला सांगितलं नाही. लाज वाटली असेल. दाऊदभाई ओहोटीची घाई करू लागले, अफीफाने मला खाली ठेवलं, आणि त्यांची होडी गेली.

दुपारी केसरीनाथ आला. पिंजऱ्यावर गोणपाट टाकलेलं होतं. पिंजरा अंगणात ठेवून त्याने घाम पुसला. "उघडू?" त्याने बायकोला विचारलं. मी उंबऱ्याच्या दगडाखाली होते, आणि तो वास मला वडप्यापासून माहीत होता.

गुणाबाई मला शिवलेल्या बोटाकडे बघत होती.

"ती पोर म्हनते, ह्या न्हाय चावत."

"मंग? न्हाय उघडू?"

"ह्या न्हाय चावत," ती हळू म्हणाली. "पन उद्या पान्यातनं एखादा आलाच तं? न्हाय, उघडा."

मी तिला दोष देत नाही. द्यायचा प्रयत्न खूप केला, जमला नाही. तिची एक पोर गेली होती. माझी शंभर होती, पण तिला ती मोजून कुणी दाखवली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते. मुंगसं बाहेर आली तेव्हा माझी नातवंडं मान वर करून बघत होती. काय आहे म्हणून. पहिल्या दिवशी बांधावरची ओळच गेली. काहींनी शेपट्या टाकल्या. पक्षी शेपटीला फसतो, ती वळवळत राहते तोवर आपण निसटतो. मुंगूस फसत नाही, ते आधी आपल्याला खातं आणि मग शेपटीकडे येतं. होळीपर्यंत माझ्याशिवाय एकच उरला, माझा थोरला, पहिल्या नवांतला. आम्ही दोघं उघाडीच्या दगडांत राहायचो, उन्हाला तेवढं तोंड बाहेर काढायचो. ऊन नाही मिळालं तर आमचं अंग चालत नाही, अन्नही पचत नाही. पाडव्याच्या सुमारास तो जरा जास्त बाहेर गेला आणि परत आला नाही. त्याच्या कुशी नुकत्याच लाल होऊ लागल्या होत्या.

आम्ही संपल्यावर मुंगसांनी खेकडे खाल्ले, टिटवीची अंडी खाल्ली, आणि मग कोंबड्या. केसरीनाथने खुराड्याला जाळी लावली, तर ती खालून उकरून आली. पावसाळ्याआधी एकही कोंबडी राहिली नाही. केसरीनाथने एका मुंगसाला काठीने मारलं. शुभ जनावराला मारताना त्याने हात जोडले होते. दुसरं एका मोठ्या ओहोटीला चिखलातून पलीकडे निघून गेलं. साप मात्र ना आधी कधी आला होता, ना नंतर आला.

दाऊदभाईंची होडी बंद झाली, अंडीच नव्हती. त्याऐवजी रेती उपसणारे पंप आले, बेटाच्या अगदी जवळ. दिवसभर धडधडत ते खाडीचा तळ ओढून घ्यायचे आणि बेटाची कड ढासळत जायची. पुढच्या वर्षी एका उधाणाला बांध उघाडीजवळ फुटला. खारं पाणी खाचरांत शिरलं आणि भाताचं हिरवं रोप चार दिवसांत पिवळं पडलं. माझे दगडही त्या पाण्यात गेले. मी झोपडीत आसरा घेतला. कोपऱ्यात गुणाबाईचा वाटण वाटायचा पाटा होता, त्याच्याखाली ओल होती, माती मऊ होती. तिथे मी पाच अंडी घातली.

खरं तर घालायला नको होती. पण पोट ऐकत नाही, दिवस आले की अंडी धरतात, नर असो वा नसो. घातल्या घातल्याच मला समजलं. चांगलं अंडं पांढरं नि टणटणीत असतं. ही पिवळी, मऊ, एका बाजूने बसलेली. आमच्यात आई अंड्यांजवळ थांबत नाही हे मी सांगितलं. मी थांबले. ज्याच्याकडे जावं असं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अंड्यांभोवती वेटोळं घालून पडून राहिले.

परवा देवेश होडी घेऊन आला आणि आईबापांना न्यायला सामान भरू लागला. भांडी गेली, गोधड्या गेल्या, पत्रेसुद्धा काढले. शेवटी गुणाबाई पाट्यापाशी आली. हा तिच्या लग्नात माहेरहून आलेला, असं ती एकदा तुळजाला सांगत होती. तिने दोन्ही हातांनी पाटा एका कडेने उचलला.

मी हलले नाही. तिनेही आरडाओरडा केला नाही. पाटा तसाच तोलून धरून ती माझ्याकडे आणि माझ्या अंड्यांकडे बघत राहिली. तिचे हात भरून आले असणार.

"तू हायस अजून?" ती म्हणाली. मग अंड्यांकडे बघून म्हणाली, "हायत गो, तुझी पोरं हायत."

तिने पाटा इतक्या सावकाश खाली ठेवला की मातीचा कणही माझ्यावर पडला नाही.

बाहेरून देवेशने हाक मारली. "आये, पाटा घेतलास काय?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जड हाय. नवीन घेऊ."

होडीचा आवाज मला ऐकू आला, नंतर तोही ऐकू येईना. आता इथे मी आहे आणि पंपांची धडधड आहे. पुढच्या उधाणाला पाणी इथवर येईल. तुम्ही कधी वडप्याला गेलात तर गुणाबाईला यातलं काही सांगू नका. ती आता तुळजाला सांगत असेल की आपण मावशीची पोरं वाचवली. अंडी पोकळ आहेत.